हे लेखकाला कळलं कुठून?

ह्या खेपेला आलेली बहुतेक पत्रं खून आणि इतिहास ह्या दोनच विषयांवरची आहेत. पावसाचा परिणाम असावा, कारण जुलैत आपल्याकडे लाईट गेली की घरात बसून करण्यासारखं दुसरं असतं तरी काय. काही पत्रं चार-चार पानी आहेत म्हणून प्रश्न थोडे छाटलेत, आणि नावं न देता फक्त गाव दिलंय.

ताई, मागच्या अंकात तुम्ही म्हणाला होता की सध्या जुन्या काळातले खून वाचतेय. म्हणजे नक्की काय काय वाचलंत आणि त्यातलं आम्ही काय वाचावं? – फोंडा

एक तर सुजाता मॅसीचं 'अ मर्डर ऑन मलबार हिल', २०१८चं, बाहेर ते 'द विडोज ऑफ मलबार हिल' ह्या नावाने मिळतं, तेव्हा दोन वेगळी समजून दोन्ही विकत घेऊ नका. १९२१ची मुंबई, परवीन मिस्त्री नावाची पारशी मुलगी वडिलांच्या ऑफिसात वकिली करतेय, आणि एक गिरणीमालक वारलाय ज्याच्या तिन्ही बायका पडद्यात राहतात. त्या आपला सगळा हक्क सोडून देतायत असा कागद येतो, सह्या काही बरोबर वाटत नाहीत, आणि त्यांना जाऊन विचारायचं तर पुरुष वकिलाला आत पाऊल टाकता येत नाही. परवीन जाऊ शकते. मग त्याच घरात खून होतो.

मला हे का आवडलं सांगते. ह्या गोष्टीतून १९२१ काढून घ्या, गोष्टच उरत नाही. पडदा नसेल तर परवीनची गरज नाही, परवीन नसेल तर तपास नाही. आणि हे हवेतलं नाही, कारण नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डला कायदा शिकून आल्या आणि त्यांनी वर्षानुवर्षं अशाच पडद्यातल्या बायकांच्या इस्टेटीची कामं पाहिली, बायकांना वकिलीची सरसकट मोकळीक देणारा कायदा आला तो १९२३ला. परवीनचं पात्र तिथून सुचलेलं आहे. बऱ्याच पुस्तकांत जुना काळ नुसता गणपतीवरच्या माटोळीसारखा वर टांगलेला असतो, घोडागाडी, कंदील, पानदान, आणि खाली खून मात्र कालच्या पेपरातला. इथे तसं नाही.

मग वसीम खानचं 'मिडनाइट अ‍ॅट मलबार हाउस'. १९४९चा शेवटचा दिवस, देश प्रजासत्ताक व्हायला महिनाही राहिला नाही आणि नववर्षाच्या पार्टीत एका बड्या इंग्रज साहेबाचा खून होतो, तपास येतो पर्सिस वाडिया नावाच्या बाई इन्स्पेक्टरकडे, जिला अडगळीच्या खात्यात टाकलेलं असतं. वेग मस्त, पर्सिस तर फारच तिखट, बक्षीसही मोठं मिळालंय त्याला, पण एक गोष्ट खुपते. दोन मुंबईकर पात्रं एकमेकांना फाळणीबद्दल अशी माहिती सांगत बसतात जी त्या दोघांनाही ठाऊक असणारच. ती आपल्यासाठी असते हे कळतं, आणि कळलं की चित्र मोडतं.

तिसरं उंबेर्तो इकोचं 'द नेम ऑफ द रोझ', १९८०चं, पण ते परत वाचलं. १३२७ सालचा इटलीतला मठ, एकामागून एक साधू मरतायत, आणि मध्येच बर्नार्द गी नावाचा इन्क्विझिटर, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा चौकशी अधिकारी, येतो जो इतिहासात खरोखर होऊन गेला. पहिली शंभर पानं जड आहेत, लॅटिन आहे, धर्मचर्चा आहे, तुमचा धीर सुटेल. सुटला तर सुटू दे, वीसेक पानं उडी मारून पुढे जा, मी कोणाला सांगणार नाही. पण इन्क्विझिशनची चौकशी कशी चालायची, माणूस न केलेलं कसं कबूल करायचा, ते ज्या पानांत आहे ती पानं उडवू नका. ज्या गोव्यात १५६० ते १८१२ हे न्यायासन होतं, मधली थोडी वर्षं सोडली तर, तिथल्या वाचकाला ती पानं वेगळी लागतात.

पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे. नातू विचारतो, तो आणि फ्रेंच कादंबरीतला तुरुंगातला म्हातारा पाद्री एकच का? मी हो म्हणून बसलोय. – म्हापसा

काका, हो आणि नाही. नातवाला अर्धं अर्धं सांगा.

पुतळ्यातला फारिया आपला, कांदोळीचा, जन्म १७५६चा. आईबाप वेगळे झाले, बाप पाद्री झाला आणि आई जोगीण, आणि पोर बापाबरोबर लिस्बनला गेलं, तिथून रोम, मग पॅरिस. १७८७ला गोव्यात पोर्तुगीज राजवट उलथवायचा पिंटोंचा कट उघडकीला आला, तोही कांदोळीच्याच घराण्याचा, तेव्हा बापलेकांवर लिस्बनमध्ये संशयाची नजर होतीच. पुढे पॅरिसमध्ये ह्याने माणसांना झोपवून दाखवायला सुरुवात केली, आणि झोप येते ती झोपणाऱ्याच्या मनातून, झोपवणाऱ्याच्या अंगातून कसला प्रवाह बिवाह वाहत नाही असं ठामपणे मांडलं, जे त्या काळात कोणी म्हणत नव्हतं. १८१९ला गेला. पुतळ्यात हात पसरून बाईसमोर उभा आहे तो तेच करतोय, रामचंद्र पांडुरंग कामतांनी १९४५ला घडवलेला. लहान मुलं घाबरतात त्याला, मीही घाबरायचे.

कादंबरीतला फारिया, म्हणजे अलेक्झांडर द्युमाच्या 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो'तला, हा इटालियन आहे. गोव्याचा उल्लेख नाही, संमोहन नाही. द्युमाने नाव घेतलं, पाद्रीपण घेतलं, आणि बाकी आपल्याला हवा तसा माणूस केला. मग तो खोटा का? मला वाटतं ह्या प्रश्नात अडकलो की आपण त्या कादंबरीतली सगळ्यात भारी गोष्ट विसरतो. ती गोष्ट अशी की फारिया हा डिटेक्टिव्ह आहे.

आठवून बघा. दांतेस नावाचा खलाशी लग्नाच्या मेजवानीतून उचलला जातो आणि मार्सेयसमोरच्या समुद्रातल्या किल्ल्यात वर्षानुवर्षं सडतो, का ते त्यालाच माहीत नाही. शेजारच्या कोठडीतून भुयार खणत हा म्हातारा बाहेर पडायचं सोडून चुकून त्याच्याच कोठडीत निघतो. सगळं ऐकून घेतो आणि विचारतो, तू नाहीसा झालास तर फायदा कोणाचा? तू कप्तान होऊ नयेस असं कोणाला वाटत होतं, तुझं त्या मुलीशी लग्न होऊ नये असं कोणाला वाटत होतं? मग ते निनावी पत्र, त्याचं अक्षर कसं होतं? उलटं झुकलेलं. म्हातारा डाव्या हाताने दोन ओळी लिहून दाखवतो, हुबेहूब तसंच अक्षर, कारण डाव्या हाताने लिहिलेलं सगळ्यांचं सारखंच दिसतं म्हणतो. आणि मग, त्या वकिलाने पुरावा तुझ्यासमोर जाळला, तू उपकार समजलास, पण पत्र कोणाच्या नावाचं होतं? इथे मी थांबते, नातवाने वाचायला हवं.

बाहेर न पडता, एकही साक्षीदार न भेटता, समोरच्या माणसाच्या आठवणींवरून तीन गुन्हेगार. हे छापून येत होतं १८४४ ते १८४६, शेरलॉक होम्स यायला अजून चाळीस वर्षं होती, पो ह्या अमेरिकन लेखकाची पहिली तपासकथा येऊन जेमतेम तीन वर्षं झालेली. तेव्हा नातवाला सांगा की जगातल्या अगदी पहिल्या डिटेक्टिव्हांपैकी एकाला कांदोळीच्या माणसाचं नाव आहे. आणि हेही सांगा की कादंबरीतला फारिया माशाच्या डोक्यातल्या कूर्चेची लेखणी करून काजळीच्या शाईने कापडावर लिहितो. नुस्त्याचा इतका चांगला उपयोग आपल्याकडे कोणाला सुचला नाही, आपण हुमण करून मोकळे.

मुलगा आठवीत आहे, मोबाईल सोडत नाही. एखादं रहस्याचं पुस्तक? – वाळपय

सत्यजित राय यांचा फेलूदा, मराठीत अशोक जैनांनी आणलाय, छोटी छोटी पुस्तकं आहेत. रक्त कमी, कोडी जास्त, प्रवास भरपूर. ब्योमकेश बक्षी दोन वर्षांनी द्या, त्यात मोठ्यांची भानगड असते. आणि घरात अर्नाळकर असतील तर कपाटात लपवून ठेवा, दिलेल्यापेक्षा सापडलेलं पुस्तक मुलं जास्त वाचतात.

माझे सासरे ऐतिहासिक कादंबऱ्यांचे वेडे आहेत. जेवताना "माधवराव असं म्हणाले" "महाराज तसं म्हणाले" चालू असतं आणि ते म्हणणं कादंबरीतलं असतं. हा इतिहास नाही म्हटलं की रुसतात. काय करू? – डिचोली

वहिनी, सासऱ्यांना खोटं ठरवायला जाऊ नका, जेवण गार होईल. त्यांना फक्त एक प्रश्न विचारा, तोही कुतूहलाने विचारल्यासारखा. बाबा, हे लेखकाला कळलं कुठून?

'स्वामी' घ्या, १९६२ची. थोरले माधवराव थेऊरला १८ नोव्हेंबर १७७२ला गेले, क्षयाने गेले, रमाबाई सती गेल्या, ह्याला कागद आहे. पण रात्री दोघंच असताना ते तिला काय म्हणाले? खोलीत तिसरं कोणी नव्हतं, असतं तर त्याने लिहिलं नसतं. ते बोलणं रणजित देसाईंचं, आणि ते इतकं सुंदर आहे की साठ वर्षं लोक ते पेशव्याचं समजून रडतायत, ह्यात देसाईंचा दोष काहीच नाही, त्यांनी मुखपृष्ठावर कादंबरी म्हणूनच छापलंय. 'पानिपत'चंही तेच. विश्वास पाटलांनी कागदपत्रं किती चाळली असतील ते पानापानाला दिसतं, तरी तंबूतले संवाद त्यांचे. आणि गंमत अशी की ज्या बखरींवर कादंबरीकार टेकतात त्या बखरींतही संवाद भरलेले आहेत, बखरकार काय तंबूत बसून टिपणं घेत होता थोडाच.

रहस्यकथा वाचणारी माणसं ह्यात जास्त तयार असतात असं माझं निरीक्षण आहे. साक्षीदार म्हणाला म्हणून ती विश्वास ठेवत नाहीत, तू तिथे होतास का, उजेड किती होता, तुझा फायदा काय, हे विचारतात. तीच माणसं घोडा आणि तलवार दिसली की मात्र सगळं सोडून देतात. सासऱ्यांचंही तसंच असेल बघा.

उलटाही अनुभव घ्या. १६८३ला संभाजी महाराज गोव्यावर आले ते बहुतेक सासऱ्यांना तोंडपाठ असेल. फोंड्याला पोर्तुगीजांची फजिती, मग नोव्हेंबरात रातोरात मराठे जुवे बेटावर उतरले, आणि घाबरलेल्या विरेयने, म्हणजे पोर्तुगीज व्हाइसरॉयने, जुन्या गोव्यात जाऊन सेंट झेवियरची शवपेटी उघडून आपला राजदंड त्याच्या पायाशी ठेवला, आता तूच गोवा सांभाळ म्हणून. कादंबरीत वाचलं तर म्हणाल काहीही रंगवतात. पण हे खुद्द पोर्तुगीजांकडूनच आलेलं आहे, आपल्या पराभवाची अशी गोष्ट शत्रू उगाच कशाला रचेल. पांडुरंग पिसुर्लेकरांनी पणजीच्या पुरालेखागारातले कागद उपसून पोर्तुगीज-मराठे संबंधांवर जे लिहून ठेवलंय ते एकदा सासऱ्यांना आणून द्या. कादंबरी सोडणार नाहीत ते, पण जेवताना नवीन गोष्टी सांगतील. तुम्हालाही बदल.

जुना, बंद झालेला खटला नव्याने उघडणारी कादंबरी आहे का एखादी? आणि मराठीत का नाही? – मडगाव

आहे, आणि ती पडल्यापडल्या तपास करणाऱ्या पोलिसाची आहे. जोसेफिन टे, 'द डॉटर ऑफ टाइम', १९५१. पाय मोडून हॉस्पिटलात पडलेला इन्स्पेक्टर ग्रँट इंग्लंडचा जुना राजा तिसऱ्या रिचर्डचं चित्र बघतो आणि म्हणतो, हा चेहरा पुतण्यांना मारणाऱ्याचा वाटत नाही. चेहऱ्यावरून निष्पाप ठरवणं म्हणजे पोलिसाने करू नये ते, पण चला. पुढचं मात्र खरं काम आहे. रिचर्डला राक्षस ठरवलं ते मुख्यतः टॉमस मोरच्या लिखाणावरून, आणि रिचर्ड लढाईत पडला तेव्हा मोर होता सात वर्षांचा, म्हणजे प्रत्यक्ष पाहिलेलं काहीच नाही, सगळं ऐकीव, तेही रिचर्डच्या शत्रूंच्या गोटातलं. हा भाग मी दोनदा वाचला.

तरी सावध राहा, कारण ही बाई न्यायाधीश नाही, रिचर्डची वकील आहे. आपल्या बाजूचं पुढे करते, दुसरं पटकन उरकते. २०१२ला इंग्लंडात लेस्टरला एका कार पार्कखाली त्याची हाडं मिळाली, आणि शत्रूंनी ज्यावरून हिणवलं होतं तो पाठीचा कणा खरंच वाकडा निघाला. कुबड नव्हतं, पण वाक होता. म्हणजे निंदकसुद्धा कधीकधी अर्धं खरं बोलतात. पुतण्यांचं काय झालं ते हाडांना विचारून कळणार नाही.

मराठीत का नाही, हा प्रश्न मलाही सतावतो, कारण माल ढिगाने पडलाय. तोतयाचंच घ्या. १४ जानेवारी १७६१ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण प्रेत ओळखण्यात घोळ राहिला, पत्नी पार्वतीबाईंनी स्वतःला विधवा मानलंच नाही, आणि थोड्याच वर्षांत एक माणूस उगवला की भाऊ मीच. त्याला धरून किल्ल्यावर ठेवलं. १७७६ला रत्नागिरीच्या सुभेदारानेच त्याला सोडवून पुढे केलं, हा हा म्हणता कोकणातले किल्ले आणि हजारो माणसं त्याच्या मागे, शेवटी आंग्र्यांच्या हाती सापडला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यात देहदंड. न. चिं. केळकरांनी ह्यावर नाटक लिहिलं होतं. पण तपासकथा? विचार करा, पंधरा वर्षांनी समोर आणलेला माणूस तोच आहे की नाही हे फोटो नसताना, ठसे नसताना ठरवायचं कसं? कोणाला विचारायचं? घरातल्या बाईला विचारायचं तर ती आशेवर जगतेय, कारभाऱ्याला विचारायचं तर भाऊ परत आला तर त्याची खुर्ची जाते, आणि शिपायाला विचारायचं तर त्याला पगार तोतयाच देतोय. एकही साक्षीदार तटस्थ नाही. अशी रचना अगाथा ख्रिस्तीला सुचली असती तर तिने आनंदाने उडी मारली असती, आणि आपल्याकडे ती कारकुनी भाषेत दप्तरात पडून आहे.

मी शेवट आधी वाचते आणि मग पुस्तक. नवरा हसतो. – पेडणे

हसू दे. तुमच्यासाठी केइगो हिगाशिनोचं 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' आहे, जपानी, इंग्रजीत मिळतं. त्यात खून कोणी केला ते सुरुवातीलाच डोळ्यांसमोर दाखवलंय, तरी शेवटपर्यंत सोडवत नाही, कारण प्रश्न कोणी केला हा नाहीच, शेजारच्या गणिताच्या मास्तरने तो लपवला कसा हा आहे. पण ह्या एका पुस्तकापुरता तुमचा नेम मोडा. शेवट वाचलात तर नवरा जिंकेल.

१८८५ सालच्या पणजीत घडणारी रहस्यकथा लिहितोय. पोर्तुगीज अधिकारी अंगठ्याच्या ठशावरून खुनी पकडतो, खुनी रेल्वेने पळायच्या बेतात असतो, शेवटी त्याला फाशी होते. कशी वाटते? – ताळगाव

दादा, कल्पना चांगली, पण तिन्ही खांब पोकळ आहेत.

ठसे. पहिला ठशांचा ब्युरो कलकत्त्याला १८९७ला झाला, आणि ठशावरून खुनी सापडल्याची पहिली नामांकित केस अर्जेंटिनातली, १८९२ची. १८८५ला पणजीत कोणी ठसे घेत नव्हतं. पण वाट आहे. ठसे गुन्ह्याच्या तपासात वापरावेत असं एका डॉक्टरने १८८०लाच इंग्रजी नियतकालिकात लिहिलं होतं. तुमच्या अधिकाऱ्याने ते वाचलेलं दाखवा, आणि बाकी सगळे त्याला वेडा म्हणतात, कोर्ट पुरावा मानत नाही असं दाखवा. मग गोष्ट उलट जास्त चांगली होते, त्याला खुनी माहीत आहे आणि सिद्ध करता येत नाही. नाहीतर विषाचा खून करा, सोमल पकडायची रासायनिक परीक्षा १८३६पासून होती आणि पणजीचं वैद्यकीय विद्यालय १८४२चं, म्हणजे डॉक्टर हाताशी आहे.

रेल्वे. मुरगावची गाडी सुरू झाली १८८७-८८च्या सुमारास, तुमचा खुनी दोन वर्षं स्टेशनवर बसून राहील. आणि मांडवीवर पूलही नव्हता, तेव्हा पणजीतून बेतीला जायचं तर होडी. हे मला फार आवडलं असतं, कारण रात्री पलीकडे जायचं तर तारीला उठवावंच लागणार आणि तारी चेहरा विसरत नाही. तुमचा खरा साक्षीदार तो आहे, ठशाचा हट्ट सोडा.

फाशी. पोर्तुगालने साध्या गुन्ह्यांसाठीची फाशी १८६७ला रद्द केली आणि १८७०ला वसाहतींतही. इंग्रजांच्या अमलाखालच्या सावंतवाडी संस्थानात खून केला तर फाशी, पणजीला केला तर हद्दपारी, मोझांबिक नाहीतर तिमोर. आता विचार करा, तुमचा खुनी हुशार असेल तर तो खून हद्दीच्या कुठल्या बाजूला करेल? प्रेत कुठल्या बाजूला टाकेल? मला तर इथेच कादंबरी दिसतेय.

कागद बघायचे असतील तर पुरालेखागारात जा, १५९५पासूनची परंपरा आहे त्याची, पोर्तुगीज येत नसेल तर येणारा मित्र घेऊन जा, आणि जुनी वर्तमानपत्रं पाट्ट्यावरच्या सेंट्रल लायब्ररीत शोधा, ती तर १८३२ची. जाहिराती आधी वाचा, बातम्या नंतर. कोण काय विकत होतं, बोट किती वाजता सुटायची, भाड्याचं घर कुठे होतं, हे जाहिरातीतच कळतं, आणि पैसे मोजायचे ते रुपय्या आणि टांग्यांत, सोळा टांग्यांचा एक, आणे लिहाल तर मी परत पाठवेन. हस्तलिखित झालं की जरूर द्या, फक्त शेवटचं प्रकरण वेगळ्या लिफाफ्यात घालून चिकटवा, आमच्या ऑफिसात पेडण्याच्या ताईंसारखी आणखी दोन माणसं आहेत.